शाळेतली प्रार्थना आणि आजीचा उपास

"मॅडम, पोरगी मिशनच्या शाळेत घातलीय. शाळा चांगली आहे, तक्रार नाही. पण घरी येऊन येशूची प्रार्थना म्हणते. पुढं जाऊन ती आपली राहील ना?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. जूनमध्ये दबक्या आवाजात सुरू होतो आणि नाताळच्या कार्यक्रमात पोरगं डोक्याला टॉवेल गुंडाळून मेंढपाळ झालं की त्याला धार येते. विचारणारे शिवाजी पेठेतले असतात, कसबा बावड्यातले असतात, कागलहून एसटीनं आलेलेही असतात. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथं शाळा काढल्या. तेव्हाच्या वाड्यांमधूनही हीच कुजबुज झाली असणार. पुढं 1917 मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत घालायचं की नाही, हा प्रश्न तेव्हापासून मागं पडत गेला. कुठल्या शाळेत घालायचं, हा मात्र अजून घराघरांत पेटतो.

प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एका घराची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही.

स्वरा दुसरीत. शाळा लहान, एका इयत्तेची एकच तुकडी, त्यामुळे प्रत्येक बाईंना प्रत्येक मूल नावानं ठाऊक. दिवाळीनंतर तिचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. रविवारी पोट ठणठणीत. शाळेतून निरोप आला की परिपाठाला स्वरा ओठ घट्ट मिटून उभी राहते, प्रार्थना संपली की पोट धरून खाली बसते.

आई प्रियांका घाबरलेली होती. वडील संदीप, शिरोली एमआयडीसीत स्वतःचं लेथ मशीन चालवणारे, निर्णय घेऊनच आले होते. "शाळा बदलतो. विषय संपला. तुम्ही फक्त तिला समजवा."

"घरात आणखी कोण असतं?" मी विचारलं.

"आई असते. पण तिचा काय संबंध?"

ज्याच्याबद्दल 'त्यांचा काय संबंध' असं म्हटलं जातं, त्या माणसाला मी पुढच्या वेळी हमखास बोलावते. मूल एकटं आजारी पडतं, यावर माझा फारसा विश्वास नाही. सगळं घर समोर बसल्याशिवाय मला काही दिसत नाही, आणि इतक्या वर्षांत ही सवय सोडावी असं एकदाही वाटलेलं नाही.

आजी आल्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, नजर थेट. "मी काय म्हणतो मॅडम, मी काय खुळी न्हाय. पोरीला मी सांभाळलो. दर शुक्रवारी अंबाबाईला घेऊन जातो. आणि एक दिवस रात्री जेवायला बसलो, तर हिनं डोळं मिटलं, हात जोडलं आणि 'हे प्रभू येशू' चालू केलं. माझ्या ताटाम्होरं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय न्हाय. 'हे कुणाचं गं?' एवढंच. आणि उठलो."

एवढंच. मोठ्यांच्या हिशेबात ते एवढंच असतं.

स्वराशी बोलताना मी प्रार्थनेचा विषय काढलाच नाही. माझ्या खोलीत पितळेची भातुकली आहे. तिला म्हटलं, तुमच्या घरचं रात्रीचं जेवण मांड. तिनं तीन ताटल्या सरळ मांडल्या, चौथी पालथी घातली.

"ही कुणाची?"

"आजीची. आजी जेवत नाही."

"का बरं?"

"मी प्रार्थना म्हटलो म्हणून."

"पण त्यानंतर तू घरी म्हटलीच नाहीस ना? आई सांगत होती."

ती बराच वेळ पालथ्या ताटलीवर बोट फिरवत बसली. मग हळूच म्हणाली, "मनात येते. शाळेत सगळे म्हणतात, ती माझ्या डोक्यात जाते. मग घरी आजी जेवत नाही."

तिचं गणित पक्कं होतं. शाळेत प्रार्थना झाली की घरी आजी उपाशी. ओठ मिटून बघितले, तरी प्रार्थना कानातून आत शिरतेच. उरला एकच उपाय, शाळेतच जायचं नाही. सहा-सात वर्षांचं मूल असंच विचार करतं. घरात काहीही बिनसलं की ते आपल्यामुळंच, अशी त्याची खात्री असते. आई-बाबा भांडले तर आपण दूध सांडलं म्हणून, आजोबा गेले तर आपण त्यांच्याशी कट्टी केली होती म्हणून. मोठ्यांना हे कळत नाही, कारण मूल ते बोलून दाखवत नाही. पोट दुखवून दाखवतं.

मी तिला विचारलं, आजीला सांगू का? "तुम्ही सांगा. मी इथं बसतो," म्हणाली आणि सोफ्याच्या मागं जाऊन बसली.

आजींना आत घेतलं. पालथी ताटली दाखवली, स्वराचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या गडबडल्या. "कवा जेवलो न्हाय मी?"

सोफ्यामागून आवाज आला, "परवा. आणि त्याच्या आधी पण."

आजी बोटांवर वार मोजायला लागल्या आणि मग कपाळावर हात मारला. "अगं बया! मंगळवार-शुक्रवार हाय न्हवं! उपास असतोय माझा. तुझा बा पाळण्यात हुता तवापास्नं करतोय मी!"

सोफ्यामागं शांतता. मग, "आणि त्या दिवशी?"

इथं बहुतेक मोठी माणसं वेळ मारून नेतात. त्या दिवशीही उपासच होता, असं आजी म्हणू शकल्या असत्या आणि पोरीनं ते मानलंही असतं. मी मध्ये पडले नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच माझ्या कामातलं अवघड कसब आहे. आजींनी पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी रागानं उठलो. ते माझं चुकलं, बाळा. तुझं काय न्हाय."

स्वरा बाहेर आली. लगेच मिठी वगैरे काही झालं नाही. आधी तिनं ताटली सरळ केली. मग विचारलं, "मग शाळेत म्हटलं तर चालतंय?"

"म्हण की. देवाला कळत न्हाय व्हय, कोण बोलायलंय ते?" आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आमच्या मालकांचं ऑपरेशन मिरजेच्या मिशनमधी झालं. वार्डात रोज सकाळी प्रार्थना असायची. मालक काय किरिस्ताव झाले न्हाईत, बरे मात्र झाले."

मिरजेचं ते रुग्णालय डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये सुरू केलं. या भागातल्या कितीतरी घरांचा त्याच्याशी असा जुना, कृतज्ञ संबंध आहे. आजींच्या मनातही तो होता, फक्त शाळेच्या बाबतीत तो कुणी आठवून दिला नव्हता.

माझ्या दृष्टीनं या घराची गाठ इथंच सुटली. स्वराला अंबाबाई आणि येशू यांच्यात निवड करायचीच नव्हती. दोन देव तिच्या मनात सुखानं शेजारी राहत होते. तिला ओढाताण जाणवत होती ती आजी आणि शाळेतल्या बाई यांच्यात, कारण दोघी तिच्या लाडक्या होत्या. पोरगी 'आपली' राहील का, असं विचारणाऱ्या पालकांना मी म्हणते, मूल आपलं राहतं ते रुसून ताटावरून न उठणाऱ्या माणसांमुळं.

तरी संदीपचं समाधान झालं नव्हतं, आणि ते रास्त होतं. शाळा नेमकं काय शिकवते, हे त्याला कळायला हवं होतं. म्हणून मुख्याध्यापिकांना बोलावलं. त्या पालकांसमोर बसायला तयार झाल्या, यातच मला त्यांची परीक्षा निम्मी पास झालेली दिसली.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपात घडलेलं आहे' असं लिहिलंय. बायबलच्या पहिल्याच अध्यायातला हा विचार. संदीपनं तिथंच बोट ठेवलं. "म्हणजे धर्मच शिकवणार ना तुम्ही?"

मी बाईंना म्हटलं, भिंत राहू द्या. शाळेत पोरगं चोरी करताना सापडलं तर काय करता, ते सांगा.

त्यांनी तिसरीतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. मधल्या सुट्टीत तो दुसऱ्यांचे डबे खायचा. सापडला. परिपाठात त्याचं नाव घेतलं नाही. वर्गशिक्षिकेनं बाजूला बसवून विचारलं, तेव्हा कळलं की आई पहाटे कामाला जाते आणि पोरगं उपाशीच येतं. ज्या मुलीचा डबा खाल्ला तिची त्यानं एकटीला गाठून माफी मागितली, विषय तिथं मिटला. तेव्हापासून ऑफिसात एक भाकरी-भाजी जास्तीची असते. त्या आठवड्यात वर्गात येशूनं सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगितला. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात जातो, तो. कुणाकडं बोट न दाखवता.

संदीप गप्प झाला. मग म्हणाला, "मी चौथीत कंपासपेटी चोरली होती. गुरुजींनी गळ्यात पाटी अडकवून वर्गावर्गांतून फिरवलं. अजून त्या गल्लीतनं जात नाही मी."

बाईंनाही मी सुकं सोडलं नाही. राज्यघटनेचं कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. पण कलम 28 असंही म्हणतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती हवी. "घेतो की आम्ही, प्रवेश अर्जावर सही असते," त्या म्हणाल्या. प्रियांकानं कबूल केलं, इंग्रजीतला तो कागद तिनं न वाचताच सही करून दिला होता. अशी सही कायद्याला पुरत असेल, घराला पुरत नाही.

"प्रार्थना ऐच्छिक केली तर आमच्या शाळेत आमचं उरलं काय?" बाईंच्या आवाजात खरी वेदना होती. लहान मिशनशाळांच्या शिक्षकांकडून हा प्रश्नही मी वरचेवर ऐकते. त्यांना सांगितलं, त्या पोराला तुम्ही पाटी अडकवली नाहीत, भाकरी दिलीत. प्रत्येक मूल देवानं घडवलंय असं खरंच मानणारी शाळाच असं वागते, आणि ते मानायला कुणाच्या सहीची गरज लागत नाही.

आता पालकांसाठी. शाळा पाहायला गेलात तर भिंतीवरच्या ओळी वाचा, पण मागं पडणाऱ्या, मारामारी करणाऱ्या, खोटं बोलणाऱ्या पोराचं तिथं काय होतं, ते आवर्जून विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर प्रार्थना कुठलीही असो, दुसरी शाळा बघा. मूल घरी प्रार्थना म्हणायला लागलं तर हसू नका, दटावू नका आणि पाहुण्यांपुढं करूनही दाखवायला लावू नका. 'शाळेत असं म्हणतात, आपल्या घरी शुभंकरोती म्हणतात' इतकं साधं वाक्य पुरतं. आज कुठला दाखला सांगितला ते विचारा, तुमच्याकडची जोतिबाची, विठोबाची गोष्ट सांगा. मुलांना गोष्टींची गर्दी होत नाही.

मात्र तुमच्या घरचा देव खोटा आहे, प्रसाद खाऊ नये, कुंकू पुसून या, असं मुलाला कुणी सांगत असेल तर ती मूल्यं नव्हेत, तो अपमान आहे. तेव्हा स्वतः शाळेत जा. मुलाच्या हाती निरोप देऊ नका, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आणि हे एकाच बाजूचं नाही. "आमच्या पोराला शाळेत सरस्वतीपूजनाला आरती धरायला लावतात, नाही म्हटलं तर वेगळं पाडतात," असं सांगत ख्रिस्ती आई-वडीलही माझ्याकडं येतात. त्यांनाही मी हेच सांगते, शब्दसुद्धा बदलत नाही.

शाळा बदलली नाही. प्रवेश अर्जाबरोबर आता एक मराठी पान जोडलेलं असतं. परिपाठात काय असतं, कोणत्या वेळी मूल नुसतं शांत उभं राहिलं तरी चालेल, हे त्यात सरळ लिहिलंय. स्वराचं पोट दुखायचं बरंच थांबलं. सोमवारी मात्र अजून दुखतं. सोमवारी शुद्धलेखन असतं. त्यासाठी प्रियांकानं पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. आजींना बरोबर आणा म्हटलंय.