नाला तुंबला, दाद कुणाकडे?

प्रश्न : पावसात नाल्याचं काळं पाणी चाळीत शिरतं. तक्रार कुठे करावी?

उत्तर : नाले-गटारं साफ ठेवणं हे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातल्या कलम ६१ नुसार पालिकेचं बंधनकारक काम. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्याच. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. फोटोसोबत भरती-ओहोटीची वेळ लिहा. भरतीत समुद्रच पाणी मागे लोटतो, शिवाय जुन्या वाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्याच हिशोबाच्या. पण ओहोटीतही पाणी हटत नसेल, तर बहुधा गाळ किंवा कचरा अडकलाय. रुळांखालची मोरी मात्र रेल्वेची.

रंगीत फेस, रसायनाचा वास असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. बाटली भरून नेऊ नका. १९७४ च्या जल कायद्यानुसार कोर्टात चालतो तो अधिकाऱ्याने रीतसर घेतलेलाच नमुना.