मोठं नाव आलं म्हणून विजेतेपद येतं का? पार्सन्स, ड्युरांट आणि २०२५-२६ चे दावेदार

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, २०२५ साली मायका पार्सन्स ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये केविन ड्युरांट ह्यूस्टन रॉकेट्सकडे; असा एक खेळाडू आणून खरंच विजेतेपद मिळतं का, हा पहिला. एनबीएचा २०२५-२६ चा हंगाम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी दावेदार कोण, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांकडे मी एकाच बाजूने बघतो. खेळाडू किती चांगला आहे हे सगळ्यांना दिसतं. त्याला घेतल्यावर बाकीच्या संघासाठी पैसे किती उरले, आणि त्या उरलेल्या पैशांत कोण मिळालं, हे मी आधी बघतो.

अमेरिकन फुटबॉलपासून सुरुवात करू. मी न्यू जर्सीत राहतो. इथे उत्तरेकडचे लोक न्यूयॉर्क जायंट्सचे चाहते आणि फिलाडेल्फियाच्या बाजूचे ईगल्सचे. त्यामुळे चेंडू घेऊन धावणाऱ्या सेक्वॉन बार्कलीचं प्रकरण आमच्याकडे दोन वर्षं चघळलं जातंय, आणि तुमच्या प्रश्नाला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

मार्च २०२३ मध्ये जायंट्सनी क्वार्टरबॅक (पास फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) डॅनियल जोन्सला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा करार दिला आणि त्याच दिवशी बार्कलीवर फ्रँचायझी टॅग लावला. टॅग लागला की खेळाडूला एका वर्षाचा ठरलेला पगार मिळतो, पण बाजारात मोकळेपणी जाता येत नाही. पुढच्या वर्षी जायंट्सनी टॅग लावला नाही. मार्च २०२४ मध्ये बार्कली तीन वर्षांच्या, सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलरच्या करारावर दोन तासांच्या अंतरावरच्या ईगल्सकडे गेला. तो फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणं कठीण होईल, असं जायंट्सचे मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर बोलून गेले होते. त्या हंगामात बार्कली २,००५ यार्ड धावला. शेवटच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली, नाहीतर एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम हाताशी होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ असं हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. जायंट्सनी १७ पैकी ३ सामने जिंकले, आणि जोन्सला त्यांनी नोव्हेंबरमध्येच मोकळं केलं होतं.

यावरून लोक म्हणतात, बघा, एक माणूस आणला आणि चषक आला. मला हे पटत नाही. बार्कली जायंट्सकडे असतानाही हाच बार्कली होता. त्याच्यापुढे मोकळी जागा करणारी ओळ मात्र बदलली. डावीकडे जॉर्डन मायलाटा, हा ऑस्ट्रेलियातून रग्बी खेळून आलेला, ईगल्सनी २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सातव्या फेरीत घेतलेला माणूस. उजवीकडे लेन जॉन्सन, २०१३ पासून तिथेच. मध्ये जेसन केल्सी निवृत्त झाल्यावर त्याची जागा घ्यायला कॅम जर्गन्स आधीच तयार करून ठेवलेला. आणि मेकाय बेक्टन, ज्याला जेट्सनी टॅकल (ओळीच्या कडेचा खेळाडू) म्हणून घेतलं होतं. ईगल्सनी त्याला एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणून गार्ड केलं, म्हणजे एक जागा आत घेतलं. या सगळ्यांना घडवणारे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड २०१३ पासून तिथे होते. इतक्या वर्षांची मेहनत आधी झाली आणि मग तिच्यावर बार्कली आला.

त्याहून मला आवडणारं उदाहरण झॅक बॉनचं आहे. सेंट्स संघाकडे तो मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत) खेळायचा. ईगल्सनी त्याला एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरवर घेतलं, बचावाचे प्रशिक्षक व्हिक फँजिओंनी त्याला बचावफळीच्या कडेवरून आत, इनसाइड लाइनबॅकर म्हणून उभं केलं, आणि तो त्याच हंगामात ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. सुपर बोलमध्ये चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सचा एक पासही त्याने मधेच हिसकावला. मार्चमध्ये या कराराची बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीच्या एकाही ईगल्सवाल्याने ती वाचली नव्हती.

आता पैशांचं. एनएफएलची वेतनमर्यादा, म्हणजे एका संघाने वर्षाला खेळाडूंवर खर्चायची कमाल रक्कम, कडक आहे: २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर. ती ओलांडायची सोय नाही, पण कुठला पगार कधी मोजायचा यात भरपूर जागा आहे. सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या खात्यात लगेच जमा होतो. हिशेबात मात्र तो पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो. करार तीन वर्षांचा असला तरी पुढे दोन नावापुरती वर्षं जोडून ठेवतात, तीही यासाठीच. ईगल्सचे जनरल मॅनेजर हाउई रोझमन यात सगळ्यांच्या पुढे आहेत. हा पैसा बुडत नाही, पुढे ढकलला जातो. खेळाडू गेला की उरलेली रक्कम एकदम अंगावर येते, तिला डेड मनी म्हणतात. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी रसेल विल्सनला सोडलं तेव्हा दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर असे अंगावर आले. तरी ते २०२४ मध्ये प्लेऑफला (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना) पोचले, कारण क्वार्टरबॅक बो निक्स पहिल्या वर्षाचा होता आणि नव्या खेळाडूचा पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकाप्रमाणे ठरलेला असतो. चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळणं ही या खेळातली सगळ्यात मोठी सवलत आहे.

उलट अटलांटा फाल्कन्स बघा. कर्क कझिन्सला चार वर्षांसाठी १८ कोटी, त्यातले १० कोटी हमीचे; आणि काही आठवड्यांतच ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर दुसरा क्वार्टरबॅक, मायकल पेनिक्स. डिसेंबरमध्ये कझिन्स बाकावर होता. महागडाही घेतला आणि स्वस्तही घेतला, आणि ज्या बचावफळीला माणसं हवी होती ती तशीच राहिली.

या चौकटीत पार्सन्स ठेवा. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस डॅलस काउबॉइजनी त्याला दिलं आणि बदल्यात केनी क्लार्क व पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (निवडीचे हक्क) घेतले, २०२६ आणि २०२७ चे. पॅकर्सनी लगेच त्याला चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाखांचा करार दिला. वर्षाला ४ कोटी ७० लाख, क्वार्टरबॅक सोडून कुणालाही एवढे मिळालेले नव्हते. क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हला वर्षाला सरासरी साडेपाच कोटी आधीच आहेत. दोघांच्या सरासरीची बेरीज केली तर २०२५ च्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त होते, आणि संघात माणसं ५३ असतात. पार्सन्सचा पहिल्या वर्षाचा मर्यादेतला आकडा त्यांनी लहान ठेवलाय, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवणार नाही. पण हे आकडे फुगतील नेमक्या त्याच वेळी पहिल्या फेरीतले स्वस्त, तरुण खेळाडूही नसतील. म्हणून मी या व्यवहाराला दोन-तीन वर्षांचा डाव म्हणतो. पार्सन्सची योग्यता मला पूर्ण मान्य आहे. क्वार्टरबॅकनंतर सामना फिरवू शकणारी जागा त्याचीच, समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाण्याची. पण २८ सप्टेंबरला तो डॅलसला परत गेला तेव्हा सामना ४०-४० बरोबरीत सुटला. समोर डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट मोकळेपणी पास फेकत होता, आणि एका पार्सन्सने मागची सगळी पोकळी भरली नाही.

२०२५ चा मला जास्त आवडलेला करार क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डचा आहे. २०२४ च्या हंगामात मिनेसोटा व्हायकिंग्जनी त्याच्यासह १४ सामने जिंकले, मग प्लेऑफमध्ये रॅम्सनी त्याला नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं, आणि बहुतेकांनी त्याच्यावर काट मारली. व्हायकिंग्जनी आपल्या तरुण क्वार्टरबॅक मॅकार्थीसाठी त्याला जाऊ दिलं. सिअ‍ॅटल सीहॉक्सनी त्याला तीन वर्षांसाठी १० कोटी ५ लाखांवर घेतलं, म्हणजे वर्षाच्या सरासरीत लव्हपेक्षा दोन कोटींहून अधिक स्वस्त. ते वाचलेले पैसे बचावाला लावता येतात. सीहॉक्सकडे लक्ष ठेवा.

आता बास्केटबॉल. इथे मैदानावर पाचच जण, आणि मुख्य खेळाडू ४८ मिनिटांपैकी ३५-३६ मिनिटं खेळतो. म्हणून एका खेळाडूचं वजन फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त. ड्युरांट आल्याने संघ बदलतो हे खरंच आहे. तरीही २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले: रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स, थंडर. लीगच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. आणि लीग व खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारातल्या नव्या नियमांनी टिकून राहणं आणखी अवघड केलंय.

एनबीएची मर्यादा मऊ आहे, आपले खेळाडू ठेवण्यासाठी ती ओलांडता येते. पण वर आणखी रेषा आहेत, आणि सर्वांत वरची म्हणजे सेकंड एप्रन, २०२५-२६ मध्ये सुमारे २० कोटी ७८ लाख डॉलर. ती ओलांडली की दंड फक्त पैशाचा राहत नाही, हात बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, दिल्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. श्रीमंत मालक पूर्वी दंड भरून मोकळा व्हायचा, ती वाट बंद झाली. ड्युरांट जिथून निघाला ते फिनिक्स सन्स याचा पुरावा आहेत. ड्युरांट, बुकर, बील, लीगमधला सर्वांत महाग संघ, आणि २०२४-२५ मध्ये ३६ विजय, ४६ पराभव. प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांतसुद्धा जागा नाही.

बॉस्टन सेल्टिक्सचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. २०२४ चे विजेते, आणि एका वर्षात ज्रू हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला, हॉरफर्ड वॉरियर्सकडे. पगार आणि कर मिळून ५० कोटींच्या घरात जाणारं बिल कुणालाच भरायचं नव्हतं. त्यातच मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध जेसन टेटमची अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली. त्याच प्लेऑफमध्ये डेमियन लिलर्डची आणि अंतिम सामन्यात टायरीस हॅलिबर्टनचीही. तिघेही शून्य क्रमांकाची जर्सी घालणारे. लीगच्या पूर्व विभागातले तीन संघ एका झटक्यात मागे गेले.

हॅलिबर्टनवरून एक आठवण, कारण तिचा मुंबईशी संबंध आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईचेच. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दोन संघांत व्यवहार झाला आणि किंग्जनी तरुण हॅलिबर्टन देऊन सबोनिस घेतला. किंग्जना पुढच्याच वर्षी प्लेऑफ मिळाली, सोळा हंगामांचा दुष्काळ संपला. पण पेसर्स हॅलिबर्टनच्या जोरावर २०२५ च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले, आणि तो तिथे आला तेव्हा त्याचा पगार नवख्याचा होता.

२०२५-२६ चा पहिला दावेदार ओक्लाहोमा सिटी थंडर, आणि माझ्या मते बाकीच्यांपेक्षा बराच पुढे. २०२४-२५ मध्ये ६८ विजय, सामन्यामागे जवळजवळ १३ गुणांचं सरासरी अंतर, शे गिल्जस-अलेक्झांडर लीगचा आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू. २०१९ मध्ये थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टींनी पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला तेव्हा शे आणि पिकचा ढीग मिळाला. त्यातल्याच एकातून जेलन विल्यम्स आला. मग २०२४ च्या उन्हाळ्यात गिडी देऊन करूसो आणि बाजारातून हार्टनस्टाइन, दोन्ही बचावासाठी. नेमका मुद्दा असा की विल्यम्स आणि होल्मग्रेन २०२५-२६ मध्येही नवख्यांच्याच पगारावर होते. त्यांचे मोठे करार २०२६-२७ पासूनचे. म्हणजे एवढी खोली असलेला संघ या किमतीत ठेवण्याचं हे शेवटचं वर्ष.

त्यांना सात सामन्यांच्या मालिकेत हरवू शकेल असा मला एकच संघ दिसतो, डेन्व्हर नगेट्स. २०२५ च्या प्लेऑफमध्ये दुसऱ्या फेरीत त्यांनी थंडरना सातव्या सामन्यापर्यंत नेलं होतं, तेही बाकावर जवळपास कुणी नसताना. २०२५ च्या उन्हाळ्यात मायकल पोर्टर देऊन त्याच्याहून बऱ्याच स्वस्त कॅमेरॉन जॉन्सनला घेतलं, आणि सुटलेल्या जागेत व्हालांच्युनास, ब्रूस ब्राउन, हार्डवे आले. त्यांचा मुख्य खेळाडू योकिच विश्रांतीला बसला की संघ कोसळायचा, तेच भोक त्यांनी बुजवलंय. माझ्या दृष्टीने एनबीएतली त्या उन्हाळ्याची सर्वांत शहाणी खरेदी हीच.

पूर्व विभागात क्लीव्हलँड कॅव्हलियर्स आणि न्यूयॉर्क निक्स. कॅव्हलियर्सनी २०२४-२५ मध्ये ६४ सामने जिंकले, पण २०२५-२६ च्या सुरुवातीला ते सेकंड एप्रनच्या वर होते; फेब्रुवारीत, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपताना, काही कमी पडलं तर दुरुस्ती करणं कठीण. निक्सनी २००० नंतर पहिल्यांदा पूर्वेची अंतिम फेरी गाठून देणाऱ्या थिबोडोंना काढलं आणि माइक ब्राउन आणले. त्याच पाच जणांना फार वेळ खेळवून दमवण्याची सवय सुटली तर अंतिम फेरीत मी त्यांनाच धरतो. लेकर्सकडे डॉन्चिच आहे, पण बचाव विजेतेपदाचा नाही.

आणि रॉकेट्स. २०२४-२५ मध्ये ५२ विजय मिळवूनही अडलेल्या क्षणी गुण कोण काढणार याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ड्युरांट ते उत्तर आहे, सदतिसाव्या वर्षीही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रेड व्हॅनव्लीटचा गुडघा गेला, आणि चेंडू वर आणणारा अनुभवी माणूस उरला नाही. २१ ऑक्टोबर २०२५ चा हंगामातला पहिलाच सामना ओक्लाहोमा सिटीत थंडर विरुद्ध रॉकेट्स होता, भारतात २२ तारखेची पहाट. त्यात ड्युरांटचे गुण मोजू नका. थंडरचे करूसो आणि डॉर्ट अंगावर आल्यावर रॉकेट्सचा आमेन थॉम्पसन चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे किती सहज नेतो ते बघा. ह्यूस्टन दावेदार आहे की नाही ते तिथे कळेल.