गुलाबाची पानं गोल कापणारी छोटी एकटी मधमाशी कोणती, हे कसं ओळखायचं?

परागकण पोटाखाली चिकटलेले असतील तर ती बहुधा पानकापी, म्हणजे मेगाकाइल वंशातली मादी. फुलावर बसली की बाजूने बघा: पोटाच्या खालच्या अंगाला दाट केसांचा ब्रश असतो आणि तो परागाने पिवळाधमक झालेला असतो. निळ्या पट्ट्यांची अमेगिला ही दुसरी एकटी मधमाशी मात्र पराग मागच्या पायांवर नेते. फोटोत पुढचा पंख स्पष्ट असेल तर सबमार्जिनल कप्पे, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेजवळ शिरांनी बनलेले कप्पे मोजा. मेगाकाइलला दोन, अमेगिलाला तीन. मेगाकाइलच्या नराला पोटाखालचा ब्रश नसतोच. आणि ब्रश नसलेली, शंकूसारख्या टोकदार पोटाची मादी दिसली तर ती बहुधा मेगाकाइलच्या घरट्यात अंडी घालणारी सीलिऑक्सिस नावाची परजीवी मधमाशी. नेमकी जात मात्र नुसत्या फोटोवरून ठरवू नका; त्यासाठी मादीच्या जबड्याचे दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.