घोट्याचा ताठरपणा आणि फिजिओचे हात

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय 23 वर्षे. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून मधल्या फळीत खेळतो. गेल्या हंगामात उजवा घोटा दोनदा मुरगळला. सूज उतरली, दुखणेही थांबले; पण उकिडवे बसलो की उजवी टाच उचलली जाते आणि धावताना एकदम वळलो की घोट्यात पुढच्या बाजूने काहीतरी अडल्यासारखे वाटते. फिजिओ हाताने घोटा दाबून मोकळा करतात, पण दोन दिवसांत पाय पुन्हा पहिल्यासारखा होतो. तालमीतले वस्ताद म्हणतात, तेलाने रगडून घे आणि एकदा ‘कट्’ असा आवाज काढून घे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुमचे फिजिओ चुकीचे काही करत नाहीत, परंतु जे करतात ते अर्धेच काम आहे, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

घोट्याच्या सांध्यात टॅलस नावाचे हाड नडगीच्या दोन हाडांच्या खोबणीत बसलेले असते. पाऊल जमिनीवर टेकलेले ठेवून गुडघा बोटांच्या पुढे नेताना हे हाड खोबणीत किंचित मागे सरकावे लागते. पाय मुरगळून बाहेरच्या बाजूचे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा) दुखावल्यावर अनेकांमध्ये हे मागे सरकणे कमी होते आणि मग उकिडवे बसताना टाच उचलली जाते. फिजिओ नडगी स्थिर धरून टॅलस तालात मागे ढकलतात, ते याच कारणासाठी. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी अशा हालचालींच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या दोन दुखणे शमवण्यासाठी, पुढच्या दोन ताठरपणासाठी. न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांची पद्धत वेगळी आहे : खेळाडू पाय स्टुलावर ठेवून उभा राहतो, फिजिओ टॅलस हाताने मागे धरून नडगीला पट्ट्याने पुढे ओढतात आणि त्याच वेळी खेळाडू स्वतः गुडघा पुढे नेतो, हे करताना दुखता कामा नये, ही तिची अटच आहे. फुटबॉल उभ्याने खेळायचा असल्यामुळे, पायावर भार असताना होणारी ही दुसरी पद्धत खेळाडूला अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

आता दोन दिवसांचा प्रश्न. काही मिनिटांच्या दाबाने लिगामेंट किंवा सांध्याचे आवरण कायमचे लांबत नाही. दुखणे आणि स्नायूंनी धरलेला ताठा थोडा वेळ सैल होतो, म्हणून पाय हलका वाटतो. या मोकळ्या वेळेत, टेबलावरून उतरल्याबरोबर, मिळालेली हालचाल भार देऊन वापरली नाही तर ती टिकत नाही. भिंतीकडे गुडघा नेण्याचे सावकाश फेरे, पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडणे आणि पूर्ण बैठका हे व्यायाम त्याच भेटीत सुरू व्हावेत आणि घरीही रोज चालू राहावेत.

उपचाराने फरक पडतो की नाही, हे टेपने मोजा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि पाऊल हळूहळू मागे घेत जा. गुडघा जेमतेम टेकतो त्या ठिकाणी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. दोन्ही पायांचे आकडे वहीत लिहा. दोन पायांत सुमारे 2 सेंटिमीटर किंवा अधिक फरक असेल, तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रत्येक उपचाराच्या आधी आणि नंतर मोजले, की तुमच्या पैशांचा हिशेबही लागेल. तीन-चार भेटींत आकडा हलला नाही, तर निदान पुन्हा तपासायला सांगा.

मोजताना ताण कुठे जाणवतो, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. पोटरीत ओढ बसत असेल, तर अडचण स्नायूची आहे. तिथे वस्तादांच्या हाताचा मान ठेवायला हरकत नाही, कारण पोटरी चोळल्याने बरे वाटते. तुम्ही लिहिता तसे पुढे अडत असेल, तर तेलाचा तिथे काही उपयोग नाही. त्यातही स्पर्शाला हाड आडवे आल्यासारखी कडक अडचण आणि टोचणारी वेदना असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. वर्षानुवर्षे चेंडू मारल्याने आणि वारंवार पाय मुरगळल्याने नडगीच्या पुढच्या कडेवर हाडाचे लहान उंचवटे येतात, ज्याला ‘फुटबॉलरचा घोटा’ असेच म्हणतात. ते कोणाच्याही हाताने जिरत नाहीत, उलट जोर लावल्यास दुखणे वाढते. राहिला ‘कट्’ आवाज. तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. आवाज न होताही हालचाल वाढते.

शेवटचे, पण तुमच्यासाठी कदाचित सर्वांत कामाचे. दोनदा मुरगळलेला पाय तिसऱ्यांदा मुरगळण्याची शक्यता नुसती हालचाल वाढवून कमी होत नाही. एका पायावर तोल धरण्याचा सराव, पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंची ताकद आणि या हंगामापुरता लेसने बांधायचा घोट्याचा आधारपट्टा (ब्रेस) यांची जोड द्या. फिफाच्या ‘11+’ या सुमारे 20 मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये तोलाचे व्यायाम आहेतच. तो संपूर्ण संघाने करावा.

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा असून पुण्यात फुटबॉल शिकतो. सरावानंतर त्याची टाच मागून दुखते. ‘घोटा जाम आहे, फिजिओकडून मोकळा करून घ्या,’ असे प्रशिक्षक सांगतात. न्यावे का?

उत्तर : तपासायला अवश्य न्यावे, पण घोट्यावर जोर लावायला देऊ नये. साधारण 8 ते 14 वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांत टाचेच्या हाडाची वाढती कूर्चा पोटरीच्या ओढीने दुखू लागते. तिथे अडलेल्या सांध्यापेक्षा अधिक झालेला सरावच बहुधा कारण असतो. काही आठवडे धावणे-उड्या कमी करणे, बुटात टाचेखाली मऊ गादी आणि पोटरीचे हलके व्यायाम एवढ्याने बहुतेक मुले बरी होतात.

प्रश्न : सामन्यात कोणाचा पाय मुरगळला, की आम्ही तिथेच पाऊल ओढून त्याला पुन्हा उतरवतो. हे योग्य आहे का? (एक प्रशिक्षक, मडगाव)

उत्तर : नाही. ताज्या दुखापतीत हाताने ओढाताण करू नये. कॅनडातल्या ओटावा येथे तयार झालेले नियम मैदानावरही वापरता येतात : खेळाडूला चार पावले भार देऊन टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांपैकी कोणत्याही एकाच्या मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंटिमीटरच्या टप्प्यात, दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे होईपर्यंत त्याला चालू देऊ नये. पायाच्या मधल्या भागात दुखत असेल, तर करंगळीकडच्या लांब हाडाचा पाया आणि आतल्या बाजूचे नाविक हाडही दाबून पाहावे. हाताने करायचे उपचार हाड मोडलेले नाही याची खात्री झाल्यावर आणि सूज उतरू लागल्यावर सुरू करावेत.