मिहानची कार आणि पाकिटामागचे ‘डबल’

नागपूरच्या वर्धमाननगरातून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३१, नोकरी मिहान या औद्योगिक क्षेत्रात, हातात पगार ६२ हजार. घरी आईवडील, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. घर वडिलांचे, म्हणून भाडे नाही. रोज एका बाजूने अठरा किलोमीटर स्कूटर चालवून कंटाळा आला आहे. आता साडेनऊ लाखांची कार घ्यावी, की मुकाट्याने मेट्रोने जावे, असा प्रश्न. पत्राच्या शेवटी जाता जाता ते लिहितात, “कर्जाची काळजी नाही. वर्षाला १ लाख २० हजारांची गुंतवणूक चालू आहे, ती पाच वर्षांत दुप्पट होणार. त्यातून कर्ज एकरकमी फेडीन. टॅक्सही वाचतो.” सोबत कागदांचे फोटो जोडले आहेत.

कारचे आधी उरकून घेतो, कारण ते सोपे आहे. दीड लाख रोख आणि आठ लाखांचे कर्ज, सात वर्षे, ९ टक्के: हप्ता तेरा हजार. महिन्याला आठशे किलोमीटर होतील, पेट्रोलचे सहा हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे अडीच हजार. झाले साडेएकवीस हजार, म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा. स्कूटरला सगळे धरून अडीच हजार लागतात. मेट्रोचे तुमच्याच आकड्याने जाऊन-येऊन सत्तर रुपये, खापरीहून शेअर ऑटोचे चाळीस. मेट्रोच्या महाकार्डाची दहा टक्के सवलत धरली तर महिन्याचे सव्वादोन हजार. स्कूटर आणि मेट्रो पैशांत सारखीच, तेव्हा निकाल नवतप्यावर, म्हणजे मे अखेरच्या त्या रणरणत्या नऊ दिवसांवर, सोडा. मे महिन्यात दुपारभर उन्हात तापलेल्या स्कूटरच्या सीटवर संध्याकाळी बसून पाहिलेल्या माणसाला मी वेगळे काय सांगणार? वैष्णोदेवी चौकात ॲक्वा लाईन पकडा, सीताबर्डीला ऑरेंज लाईनवर बदला. कारने दोन्ही बाजू मिळून अर्धा-पाऊण तास वाचेल, तोही वर्धा रोड मोकळा मिळाला तर. त्या वेळेचे महिन्याला एकोणीस हजार मोजायचे का, तुम्हीच ठरवा.

आता ती ‘गुंतवणूक’. भाऊ, फोटोत दिसते ती गुंतवणूक नाही, विमा पॉलिसी आहे. एफडी रिन्यू करायला बँकेत गेलात आणि हे घेऊन घरी आलात, असे तुम्हीच लिहिले आहे. दहा वर्षे हप्ते भरायचे आणि विसाव्या वर्षी २६ लाख मिळायचे. म्हणजे भरलेले १२ लाख दुपटीहून थोडे जास्त होतात हे खरे, पण वीस वर्षांनी! पाच हा आकडा छापील कागदावर कुठेही नाही. तो आहे दुसऱ्या फोटोत, बँकेच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, निळ्या पेनने: ‘५ वर्षे = डबल’, भोवती गोल. त्या गोलाखाली कुणाची सही आहे का बघा. नसेलच.

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे किती व्याज? ७२ ला वर्षांनी भागले की दुप्पट व्हायला लागणारा दर ढोबळमानाने कळतो. ७२ ला ५ ने भागा: जवळपास साडेचौदा टक्के, आणि तेही खात्रीने. असे खात्रीचे साडेचौदा टक्के मिळत असते तर ती बँक तुम्हाला कारसाठी ९ टक्क्यांनी कर्ज देत बसली नसती. तुमच्या पॉलिसीचा खरा परतावा निघतो पाच टक्के.

टॅक्सचेही ऐका. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर पगारदाराला करच भरावा लागत नाही. तुमचे वर्षाचे उत्पन्न नऊ लाखांच्या आसपास. जो कर लागतच नाही तो वाचवायला दर मार्चमध्ये एक लाख वीस हजार भरायचे, अरे बाप्पा!

पॉलिसी मार्च २०२५ ची आहे, दोन हप्ते गेले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे एक वर्षाचा हप्ता पूर्ण भरल्यावरही सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्याचे, काही पैसे मिळतात. कंपनीला ईमेल करून आजचा आकडा लेखी मागवा. शाखेत विचारायला जाऊ नका, दुसरे पाकीट मिळेल. समजा २ लाख ४० हजारांतले एक लाखच परत आले. पोटात गोळा येईल, मान्य. पण उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये टाकले आणि ७.१ टक्के टिकले, तर त्याच तारखेला तेवढेच २६ लाख होतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकते, तेवढी जोखीम आहे. पण हाती आलेला लाख वर राहतो, तो घरच्या अडीअडचणीसाठी बँकेत ठेवा.

खरी भीती वाटली ती वेगळ्याच ओळीने. या पॉलिसीत विमा आहे १२ लाखांचा. घरात कमावणारे तुम्ही एकटे, मुलगी दोन वर्षांची, आणि तुम्ही रोज छत्तीस किलोमीटर दुचाकीवर. १२ लाखांत हे घर किती वर्षे चालेल? महिन्याचा खर्च पन्नास हजार धरला तर दोन वर्षे. एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, तुमच्या वयात वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आसपास पडतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. म्हणजे जी पॉलिसी तुम्ही पोसताय तिच्या सव्वा-दीड महिन्याच्या वाट्यात वर्षभराचे मोठे संरक्षण बसते. आधी टर्म प्लॅन हातात येऊ द्या, मगच सरेंडरचा अर्ज करा. हा क्रम उलटा करू नका.

टर्मच्या फॉर्मवर तंबाखूबद्दल प्रश्न असतो. नागपूरचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो: सिगारेट ओढत नाही म्हणून ‘नाही’वर खूण करून मोकळे होऊ नका. खर्रा खात असाल तर तोही तंबाखूच. ‘हो’ लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या.