मुलीच्या पाठीच्या कण्याला एका बाजूला २८ अंशांचा बाक (स्कोलिओसिस) आहे. व्यायामाने जाईल की ब्रेस (धडाभोवती घालायचं कडक कवच) लागेलच?

वय १२, पाळी अजून सुरू नाही आणि बाक २८ अंश, म्हणजे उंची वाढायची बरीच बाकी आहे. अशा वेळी नुसत्या व्यायामावर विसंबू नका, ब्रेस घ्या. साधारण २५ ते ४० अंशांचा बाक आणि वाढतं वय, हाच ब्रेसचा काळ. ४५-५० च्या पुढे गेलं की ऑपरेशनची चर्चा सुरू होते.

ब्रेस बाक सरळ करत नाही, वाढू देत नाही. अमेरिका-कॅनडातल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. रोज सरासरी १३ तासांहून जास्त घालणाऱ्यांत तर ९० टक्क्यांच्या पुढे. तेव्हा तास चोरू नका. (चोरतातच मुलं. शाळेत काढून दप्तराशेजारी ठेवतात.)

ब्रेसच्या आत बिनशिवणीचा, घट्ट बसणारा सुती बनियन घाला, सुरकुती राहिली की तिथेच कातडी लाल होते. काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर ब्रेस बनवणाऱ्याकडून पॅड बदलून घ्या.

व्यायाम कराच, पण जोडीला. श्रोथ पद्धत शिकलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. त्यात आत दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत श्वास भरायला शिकवतात. यूट्यूबवरची योगासनं प्रत्येकाच्या बाकाला चालतीलच असं नाही.

आणि दप्तराला दोष देऊ नका, त्याने हा बाक येत नाही. धाकटं भावंड असेल तर त्यालाही एकदा ओणवं करून पाठ बघा, एका बाजूला उंचवटा दिसतो का ते.