नदीचा उगम : तुमचे प्रश्न

प्रश्न : गंगेचा उगम गोमुखात, असं शाळेत शिकलो. मग ‘गंगा’ हे नाव देवप्रयागपासून का?

गोमुखातून निघते ती भागीरथी. सुमारे 30 किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचं ते तोंड आहे. सतोपंथ आणि भगीरथ खडक या हिमनद्यांकडून अलकनंदा येते, आणि देवप्रयागला दोघी एकत्र आल्या की तिथून पुढे गंगा म्हणायचं. संगमावर अलकनंदेचं पाणी जास्त असतं, त्यामुळे निव्वळ पाणी मोजलं तर उगमाचा मान तिचा. पण मान श्रद्धेनं ठरला आहे, आणि त्यात भूगोलानं लुडबुड करू नये, असं माझं मत.

प्रश्न : ब्रह्मपुत्रा आणि सिंधू मानसरोवरातून निघतात ना?

नाही. ब्रह्मपुत्रेचा उगम मानला जातो तिबेटमधल्या आंगसी हिमनदीत, आणि सिंधूचा कैलासाच्या उत्तरेला सेंगे खबाबच्या झऱ्यांत. दोन्ही जागा त्याच मुलखातल्या, म्हणून हा घोळ. आणि बर्फाच्या प्रदेशात उगम म्हणजे हिमनदीच, असंही नाही : चीनमधली पीत नदी बायन हार डोंगरातल्या झरे-पाणथळींतून सुरू होते, तर यांगत्से तांगुला रांगेतल्या हिमनद्यांमधून.

प्रश्न : हिमनद्या संपल्या की गंगा आटेल का?

आटणार नाही. मैदानातल्या गंगेचं बहुतेक पाणी पावसाचं आणि जमिनीतून पाझरणारं. हिमनदीचा वाटा उगमाजवळ मोठा असतो, खाली उतरावं तसा तो घटत जातो. सिंधूचं मात्र वेगळं. तिच्या खोऱ्यात मोसमी पाऊस तुटपुंजा, आणि वरच्या भागात सुमारे 40 टक्के पाणी हिमनद्यांचं, असा अंदाज आहे. तिथला उन्हाळा वितळलेल्या पाण्यावरच निभतो. बर्फ वेगानं वितळू लागलं की आधी काही दशकं पाणी वाढतं, मग घटतं. हा मधला सुकाळच फसवा, कारण तो पाहून कालवे आणि पिकं वाढतात. शिवाय वितळलेलं पाणी तळ्यांत साचतं आणि कधी बांध फोडून खाली येतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळं असंच फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण घेऊन गेलं.

प्रश्न : गोमुखाजवळ पाणी राखाडी दिसलं. घाण आहे का?

घाण नव्हे, पीठ आहे. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. एका बाटलीत भरून ठेवा, कितीतरी वेळ तळाशी बसत नाही. हा गढूळपणा उन्हाळ्यात जास्त, कारण तेव्हा वितळणं जोरात. त्याचा दिवसातला चढउतारही पाहण्यासारखा असतो : सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारनंतर मांडीला लागतो. तिकडे परत गेलात तर असा ओढा पहाटेच ओलांडा, आणि परतीची वेळही तशीच धरा.